देवगोईचा चढ आणि दोन नंबरचा सिलिंडर

१६ जून २०२५, सोमवार
शाळा सुरू. पहाटेपासून रिपरिप. देवगोई घाटाच्या चढाला, तिसऱ्या गिअरमध्ये, गाडीने गचके दिले. ॲक्सिलरेटर दाबला तर क्षणभर काहीच नाही, मग सगळी गाडी थरथरली. दुसरा टाकला. शांत. शाळेतल्या धाकट्या मॅडम शेजारी होत्या. काही बोलल्या नाहीत, हात मात्र पोटावर गेला.

१७ जून
कोरडं. ऊनसुद्धा. काही झालं नाही.

१९ जून, गुरुवार
पाऊस, घाट, तेच. मोलगीच्या बाजूच्या उतारावर नाही. सपाटीवर नाही. संध्याकाळी खापरकडे नेऊन पाहिली. खड्डे सोडून जिथे रस्ता सलग मिळाला तिथे ऐंशीला छान पळाली.
वहीच्या मागच्या पानांवर रकाने आखले. पाऊस, चढ, गिअर, इंजिन गरम की गार.

२१ जून, शनिवार
ह्यांचा फोन. "मी म्हणालो होतो, जुनी गाडी घेऊ नकोस." २०१४ ची गाडी, दोन मालक झालेली. नवी कुठून आणणार? एसटी गेली की पुढची मिळेपर्यंत पहिला तास बुडतो. मुलं डोंगरातून चालत येऊन पायरीवर बसलेली असतात. गाडी मला त्यासाठी हवी आहे.

२३ जून, सोमवार
मिस्तरींकडे. त्यांनी उभ्या गाडीला रेस दिली, कान लावला. "ताई, पेट्रोल भेटी नही ऱ्हायनं इंजिनले." पंप बदलू म्हणाले. मी म्हटलं, आधी प्रेशर बघा. पाइपात गेज जोडला. रेस वाढवली, कमी केली. काटा जागचा हलला नाही. पंप ठीक.
खर्च वाचला. कारण सापडलं नाही.

२४ जून
रात्री झोप लागली नाही. घाटातलं ते डावं वळण आठवत राहिलं. खाली दरी, मागून भरलेली जीप, आणि नेमकी तिथेच गाडी दम सोडते.

२७ जून, शुक्रवार
क्लच असेल, असं एका शिक्षकांचं म्हणणं. पण क्लच धरताना गाडी थरथरली तर ती निघताना थरथरते, पहिल्या गिअरला. माझी निघताना अगदी मऊ निघते. इंजिनाचं माउंटिंग गेलं असेल तर उभ्या गाडीतही स्टेअरिंग हलतं. तेही नाही. दोन्ही खोडले.

२८ जून
पंपावरचा मुलगा म्हणाला, मॅडम, सगळं त्या इथेनॉलमुळे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत असतं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं हे खरं, टाकीत पाणी उतरलं तर गाडी अडते हेही खरं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांची मलाही काळजी वाटते. पण टाकीत पाणी असतं तर खापरच्या सपाटीवरही अडायला हवी होती, आणि कोरड्या दिवशीही. पाणी आहे. टाकीत नाही, दुसरीकडे कुठेतरी.

१ जुलै, मंगळवार
धाकट्या मॅडम आजपासून एसटीने. "ताई, राग मानू नका." राग कसला. सातवा लागलाय त्यांना. पण एसटीत जागा मिळाली नाही तर मोलगीपर्यंत उभं राहायचं, या दिवसांत.

२ जुलै
सातवीला हरभऱ्याचा प्रयोग लावला. तीन वाट्या. माती तीच, बी तेच, ऊन तेच. एकीला पाणी नाही.

४ जुलै, शुक्रवार
घाट धुक्यात. पुढचं वळण दिसेना. गाडी गचके देत बंदच पडली. शेळ्यांमागचा एक मुलगा धावत आला. न सांगता मागच्या चाकाला दगड लावला आणि उभा राहिला, गाडी सुरू होईपर्यंत. आमच्याच शाळेत चौथीला असतो. आज शाळेत का नव्हतास, हे विचारायचं राहून गेलं.
डॅशबोर्डवर पिवळा दिवा पहिल्यांदाच लागला. नुसता लागला नाही, मिचकत होता.

५ जुलै
मिचकणाऱ्या दिव्याबद्दल वाचलं. स्थिर दिवा म्हणजे दाखवून घ्या. मिचकणारा म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळताच पुढे जातंय. ते सायलेन्सरच्या वाटेवरच्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि त्यालाच भाजून काढतं. तो भाग फार महाग. यापुढे दिवा मिचकला की पाय काढायचा, खालचा गिअर.

६ जुलै, रविवार. आषाढी
उपवास. मोलगीची भगर, शेंगदाण्याची आमटी. दुपारी मिस्तरी घरीच आले. तिन्ही प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. एक आणि तीन नंबरचे टोकाला बिस्किटी रंगाचे. दोनचा काळा, ओलसर, नाकाला लावला तर पेट्रोलचा वास. म्हणजे पेट्रोल पोचतंय. ठिणगी पडत नाही, किंवा नेहमी पडत नाही.
नवे प्लग घातले, गॅप मोजून. उद्या बघू.

७ जुलै
पाऊस. घाट. गचके. प्लग नव्हते.

९ जुलै, बुधवार
भाच्याने कुरिअरने गाडीचे कोड वाचणारं डोंगल पाठवलं. स्टेअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट आहे, त्यात बसतं. एप्रिल २०१३ नंतरच्या गाड्यांचा संगणक कुठला सिलिंडर चुकला हेही नोंदवून ठेवतो. मोबाइलवर आलं: पी ०३०२. मिसफायर, सिलिंडर दोन.
तीनच सिलिंडर. एक गप्प झाला की तिसरा हिस्सा ताकद गेली आणि इंजिनाचा तोल गेला. एवढी गाडी का थरथरते ते कळलं.

१२ जुलै, शनिवार
नंदुरबारला कामासाठी गेले. हातोडा पुलावरून तापी पाहिली, गढूळ आणि रुंद. तिथल्या एका गॅरेजमध्ये विचारलं. तिन्ही कॉइल बदला, इंजेक्टर धुऊन घ्या, थ्रॉटल बॉडी साफ करा, क्लचही बघून घेऊ. आकडा ऐकून परत निघाले. सगळंच बदललं तर गाडी नीट होईलही, पण काय बिघडलं होतं ते कधी कळणार नाही. आणि पगारातून हप्तेही जायचे आहेत.

१३ जुलै, रविवार
मिस्तरी एकेका कॉइलचं कनेक्शन काढून बघत होते. एक काढली, इंजिन लंगडलं. तीन काढली, लंगडलं. दोन काढली, लंगडलं. म्हणजे तिन्ही चालू. ते म्हणाले, कॉइल खराब नाही.
मी म्हटलं, उभ्या गाडीत चालू आहे. चढावर बघायला हवं. चढावर सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, दाब वाढतो, ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्ट लागतात. बॅटरीच्या १२ व्होल्टचे कॉइल हजारो करते. तेवढ्या व्होल्टला सोपी वाट मिळाली तर ते प्लगपर्यंत जातीलच कशाला?
मिस्तरींनी मान हलवली. दोन नंबरची कॉइल तीनवर, तीनची दोनवर. दुसरं काही हलवायचं नाही. प्लग तेच, पेट्रोल तेच. जुना कोड पुसला.
आता पाऊस हवा.

१४ जुलै
पाऊस नाही.

१५ जुलै
नाही.

१६ जुलै, बुधवार
धो धो. घाटात मध्यावर गचका. रुंद जागा बघून बाजूला घेतली, मोबाइल लावला. पी ०३०३.
कॉइल जिथे गेली, बिघाड तिथे गेला. एकटीच होते गाडीत, मोठ्याने "सापडलं" म्हटलं.

१७ जुलै, गुरुवार
संध्याकाळी गॅरेजमध्ये. वीज गेलेली होती, ते बरंच झालं. मिस्तरींनी इंजिन सुरू ठेवलं, न्हाव्याकडे असते तशा फवाऱ्याच्या बाटलीने कॉइलच्या मुळाशी थोडं पाणी मारलं, हात लांब ठेवून. रेस दिली. अंधारात निळी बारीक रेघ कॉइलच्या रबरावरून सरपटत खाली इंजिनाच्या धातूला जाऊन भिडली. टिक, टिक. मिस्तरींचा मुलगा खाली वाकून बघत राहिला.
कॉइल काढली. रबराच्या नळीला केसाएवढी चीर, तिच्यावर पांढुरकी रेघ. दोन नंबरच्या प्लगच्या खड्ड्यात तळाशी तेल. वरच्या झाकणाचं सील कडक झालंय, तिथून झिरपतं. तेलाने रबर फुगलं, फुगून चिरलं, चिरेत दमट हवा. कोरड्या दिवशी आणि सपाटीवर ठिणगी तरीही प्लगवर पडत होती. पावसात, चढाला, बाहेरची वाट सोपी.
नवी कॉइल आणली तरी सील तसंच राहिलं तर वर्षभरात पुन्हा हेच. दोन्ही मागवली.

२२ जुलै, मंगळवार
कॉइल एकच बदलली. झाकणाचं सील आणि प्लगच्या खड्ड्यांची सीलं बदलली. खड्डे कोरडे पुसले. मिस्तरींनी मजुरी फार कमी लावली. मी जास्त दिली, घेईनात. शेवटी मुलाच्या वह्यांसाठी म्हणून घेतली.

२३ जुलै
पाऊस. धुकं. देवगोई, तिसरा गिअर, त्या डाव्या वळणावरही. एकही गचका नाही.

२५ जुलै, शुक्रवार
आठवडाभर तरी बघू, मग धाकट्या मॅडमना सांगू, असं ठरवलं होतं. आजही पाऊस, आजही नाही.
चौथीतला तो मुलगा शाळेत आला. बाकावरून त्याचे पाय जमिनीला पोचत नाहीत.

३० जुलै, बुधवार
धाकट्या मॅडम पुन्हा गाडीत. जुनी कॉइल डॅशबोर्डच्या खणात ठेवली आहे, तिची चीर त्यांना दाखवली. बोट फिरवून पाहिली. "एवढीशीच?" म्हणाल्या.

९ ऑगस्ट, शनिवार
आदिवासी दिनाची मिरवणूक. गावात ढोल, पावरी, रस्ता भरलेला. रक्षाबंधनही आजच. गाडी शाळेजवळ उभी केली आणि चालत निघाले. आमच्या मुली नाचात पुढे होत्या, वर्गात तोंड न उघडणारीसुद्धा.

१७ ऑगस्ट, रविवार
धाकट्या मॅडमना शहाद्याला माहेरी सोडलं. आजपासून रजा. तळोद्यापुढे पाऊस लागला, त्या मागच्या सीटवर झोपल्या होत्या. त्यांच्या आईने उसाच्या रसाची काकवी दिली.
परतताना ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरलं. क्लच दाबला, इंजिन सोडवलं. थरथर तशीच. म्हणजे इंजिन नाही. साठला आले तर थांबली. पुढचं डावं चाक वाटेत एका खड्ड्यात जोरात आपटलं होतं.
उद्या बॅलन्सिंग. पुढचे दोन टायर आधी मागे टाकून बघायचे, थरथर सीटखाली जाते का ते.