पोथीचं वय

साठ-सत्तरच्या दशकात वाढलेल्या आम्हा मंडळींच्या बहुतेक घरी देवघराच्या फडताळात एक लाल रुमाल असायचा. सोवळ्यातला, म्हणून मुलांनी हात लावायचा नाही. आत शिवलीलामृताची पोथी: आडवी सुटी पानं, कडा पिवळ्या पडून मोडायला आलेल्या. अकराव्या अध्यायाच्या पानांवर आजीच्या बोटांचं तेल नि कुंकू, कारण रोज वाचायचा तो अकरावाच. बाकीचे अध्याय त्या मानाने कोरे करकरीत!

आता घरं आवरताना या पोथ्या माळ्यावरून खाली येतात आणि भावंडांत वाद सुरू होतो, किती जुनी? कुणीतरी शेवटच्या ओव्या वाचतं, त्यात शके 1640 सापडतं, आणि तीनशे वर्षांपूर्वीचं पुस्तक घरात निघाल्याची बातमी नातेवाइकांत पसरते. पण ते शिवलीलामृताचे कवी श्रीधर यांनी ग्रंथ पुरा केल्याचं साल. छापील पोथीत ते दरवेळी तसंच उमटणार, पोथी कालची असली तरी. आणि छापील पोथी तीनशे वर्षांची असणार तरी कशी? मुंबईत छापखानदार गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर, म्हणजे दगडावरून छापून, मराठी पंचांग काढलं तेच 1841 साली.

दुसरा चकवा 1867 चा. मुखपृष्ठावर हे साल दिसलं की लोक हुरळतात. बरेचदा तो पुस्तकं रजिस्टर करण्याच्या कायद्याचा, त्या वर्षीच्या पंचविसाव्या आक्टाचा, उल्लेख असतो. त्यानंतर कित्येक वर्षं तो छापला जात होता.

खरं साल मुखपृष्ठाच्या तळाशी, छापखान्याच्या नावाजवळ शोधावं. ते शकात दिलेलं असेल तर इसवी सनासाठी 78 मिळवा. मुखपृष्ठच गेलं असेल, तर एकाच ओळीतले दोन ‘क’ भिंगाखाली धरा. हुबेहूब जुळले तर खिळ्यांची छपाई; वळणात जरा फरक असला तर लेखनिकाने हाताने लिहून दगडावर उतरवलेला शिळाछाप. हा बहुधा अधिक जुना. आणि शेवटच्या पानामागे पणजोबांनी एखाद्या बाळाची जन्मवेळ मोडीत टिपलेली असेल, तर पोथी निदान तेवढी जुनी खास. मला विचाराल तर छापखान्याच्या नावापेक्षा ती ओळ मोलाची.

तेव्हा जीर्ण पोथी नदीत सोडण्याआधी पहिल्या-शेवटच्या पानांचे, पाठीमागच्या बाजूंसकट, फोटो काढून ठेवा. आणि कृपा करून फाटक्या पानांना चिकटपट्टी लावू नका.