पोस्टकार्डावरची पहिली अक्षरे

स्मरणिकेसाठी लेख मागणारे पत्र हाती आले, तेव्हा प्रथम आम्हांस संकोच वाटला. आम्ही काही नामवंत साहित्यिक नव्हे. कोणी शिक्षक, कोणी एस.टी.त वाहक, कोणी शेतकरी; या वसतिगृहात एकत्र वाढलो आणि आजही फावल्या वेळी लिहितो, एवढेच. तरीही लेखणी हाती कशी आली हे सांगणे, आम्ही या वास्तूचे देणे मानतो.

दिवाळी सरली की भूम, वाशी, कळंब भागांतून माणसे ऊसतोडीला निघत. मुकादमाची उचल घेतलेले आमचे आईवडील उन्हाळा लागेपर्यंत परतत नसत. दर रविवारी आम्ही पोस्टकार्डे लिहीत असू. थोरली मुले धाकट्यांचीही लिहून देत. हाच आमचा पहिला लेखनाभ्यास.

परंतु कोपीवर अक्षरओळख असलेले कोणी नसे. मुकादमच कार्ड चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवी. म्हणून 'सुखरूप आहे, काळजी नसावी' यापलीकडे आम्ही जात नसू. एकदा पाचवीतला एक मुलगा तापाने फणफणला. 'आईला ये म्हणून लिहा,' असे तो विनवीत राहिला. उचल फिटल्याविना तिला येता येणार नाही, मग तिच्या जिवाला घोर कशाला, असा शहाणपणा करून आम्ही नेहमीचेच वाक्य लिहिले. मुलगा बरा झाला. परंतु परतल्यावर त्या माउलीने विचारले, 'मला का न्हाई कळीवलं? निदान रडले तरी असते.' आम्ही निरुत्तर झालो.

पुढे ग्रंथालयाच्या कपाटातून अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा' हाती आली. शाळेचे तोंडही धड न पाहिलेल्या या लेखकाने ती बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केली आहे. मग बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) हा कथासंग्रह आणि दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) वाचले. सोसलेले लपवायचे नसते, हे या पुस्तकांनी शिकविले, आणि 'सुखरूप' लिहिणारा आमचा हात प्रथमच थबकला.

पहाटेच्या वंदनेनंतर अर्धा तास वाचण्याची येथे लागलेली सवय अद्याप सुटलेली नाही. लेखन पाठकोऱ्या कागदांवर चालते. थोडे रविवारच्या पुरवण्यांत छापून येते, पुष्कळसे साभार परत येते. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आम्ही श्रोत्यांत होतो. परतताना पिशव्या पुस्तकांनी जड झाल्या होत्या. एक नियम मात्र आम्ही कसोशीने पाळतो: ज्याच्याविषयी लिहिले, त्यास ते आधी वाचून दाखवायचे.

त्या तापाची कथा आम्ही बऱ्याच वर्षांनी लिहिली आणि त्या माउलीपुढे वाचली. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, 'कारड आलं तवा मी मोळी बांधत हुते. सुखरूप ऐकून हसले बी हुते. ते न्हाई लिव्हलं?'

विद्यार्थी मित्रहो, ते वाक्य आम्ही तिच्यासमोरच कथेत लिहून घेतले.