कोळशाचे बंदर

सिडनीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने तिकीट काढून मला बोलावून घेतले. रजा शिल्लक होती, म्हणून गेले. एके दिवशी आम्ही मोटारीने ब्रिस्बेनला निघालो. वाटेत, सिडनीपासून दीडएकशे किलोमीटरवर, न्यूकॅसल लागते. कोळसा निर्यातीचे हे जगातले सर्वांत मोठे बंदर, असे भाचा म्हणाला आणि मी गाडी तिकडे वळवायला सांगितली. लोक तिथे समुद्र बघायला जातात, मावशीला कोळसा बघायचा!

हंटर नदीच्या मुखाजवळ कूरागँग बेटावर काळ्या टेकड्या उभ्या आहेत. खाणींकडून लांबच लांब मालगाडी येते, चालता चालताच डब्यांचे तळ उघडतात आणि कोळसा खाली पडतो. मग पट्ट्यावरून ढिगात, ढिगातून जहाजात. धूळ उडू नये म्हणून ढिगांवर पाणी मारतात. वर्षाला सुमारे पंधरा कोटी टन माल जातो, पण माणूस क्वचितच दिसतो.

पूर्वी असे नव्हते. ही भूमी अवाबकल आणि वोरिमी या मूळ रहिवाशांची. इंग्रजांनी १८०४ साली इथे कैद्यांची वसाहत केली आणि त्यांच्याकडून कोळसा खणून घेतला. त्याआधी १७९९ साली इथला कोळसा पहिल्यांदा परदेशी गेला, तोही आपल्या बंगालला! मला धनबाद आठवले. परमपूज्य बाबासाहेब मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये तिथल्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते, आणि १९४४ साली खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला.

भाचा फोटो काढत होता. "मावशी, केवढी संपत्ती आहे ही!" तो म्हणाला. तेव्हा मला राहवले नाही.

त्याला म्हटले, तुझी आजी भुसावळला रुळांच्या कडेने डब्यांतून सांडलेला कोळसा वेचायची. पहाटे तुझी आई आणि मी पोते धरून मागे असायचो. त्यावर आमची शेगडी पेटायची. एकदा पहारेकऱ्याने पकडले, जातीवरून शिव्या दिल्या आणि भरलेले पोते नाल्यात ओतायला लावले. आई एक शब्द बोलली नाही. घरी येऊन तिने आमचे हात घासून घासून धुतले आणि शाळेत पाठवले.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आईने हे कधी सांगितलं नाही."

ताईने का सांगितले नसेल, ते मला कळते. मीही भाषणांत पुष्कळ बोलते, पण हे पोते कधी व्यासपीठावर आणले नाही.

रात्री ताईला फोन लावला. ती चिडली. "पोराला कशाला सांगितलंस ते?" थोडा वेळ दोघीही गप्प. मग तिने हळूच विचारले, "केवढा ढीग होता गं?"