एक भिंत चाकांवर

आजऱ्याला जाऊन आलो असे सांगितले की ऐकणारा आधी विचारतो, "घनसाळ आणलात का?" आजरा घनसाळ तांदळाचे नाव मोठे आहे. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण या खेपेला मी तांदूळ आणला नाही. आणली ती दोन बांबूंची हकीकत.

आजरा हा कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा तालुका. कोल्हापूरहून ८०-८५ किलोमीटर. गडहिंग्लज मागे पडले की हवा बदलते. संकेश्वर-बांदा रस्ता इथून पुढे आंबोली घाटाकडे जातो. हिरण्यकेशी नदी, रामतीर्थचा धबधबा, काजूच्या बागा आणि पावसाळ्यात कोसळणारा पाऊस, असा हा मुलूख. थंडीत मात्र इथे पहाटे दव इतके पडते की बाहेर वाळत घातलेला कपडा सकाळी पिळून काढावा लागतो.

गेल्या हंगामात, डिसेंबरात, दोन दिवस रजा टाकून मी मावसभावाकडे गेलो होतो. संध्याकाळी आम्ही फिरायला निघालो. रस्त्याच्या कडेला उसाचा फड अर्धा तुटला होता. बांधाला ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती आणि तिच्या फाळक्याच्या कड्यांना निळी ताडपत्री बांधून खाली उतरती ओढली होती. खालच्या टोकाला चार खुंट्या. आत पाचटाचे अंथरूण, वर गोधडी, दोन पत्र्याच्या पेट्या, पाण्याचा ड्रम. बाहेर तीन दगडांची चूल. एका कुटुंबाचे घर ते एवढेच.

नवरा-बायको, म्हातारी आजी, दहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. बीड जिल्ह्यातले. मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीनंतर निघालेले. नवरा-बायको मिळून एक कोयता, हा ऊसतोडीतला हिशेब आपल्याला माहीत आहेच.

मी विचारले, "कोपी का नाही बांधली?"

तो म्हणाला, "दादा, हा फड आठ-धा दिवसांचा. तेवढ्यासाठी बांबू, चटया कुठून आणायच्या? ट्रॉली हायेच की भिताडावानी."

बायको चुलीपासूनच म्हणाली, "भिताड, पन रातच्याला निघून जातंय!"

सगळे हसले. मला आधी काही कळले नाही. रात्री कळले.

दिवसभर तोडलेल्या मोळ्या संध्याकाळी डोक्यावरून वाहून, फळीवरून चढून ट्रॉलीत भरायच्या. मग रात्री कधीतरी ट्रॅक्टर येतो आणि भरलेली ट्रॉली जोडून कारखान्याला घेऊन जातो. बारा वाजोत, दोन वाजोत. ट्रॉली निघाली की ताडपत्रीची वरची बाजू सोडावी लागते. घराची एक भिंतच कारखान्याला जाते! राहिलेली ताडपत्री झोपलेल्यांच्या अंगावर पडते. वरून दव. आजीला दम्याचा त्रास, तोंडावर ताडपत्री आली की जीव घाबरा होतो. म्हणून मुलगी काठी लावून ताडपत्री वर धरून बसते, उजाडेपर्यंत. पहाटे आई-बाप फडात गेले की धाकट्या भावाला सांभाळते आणि ऊन आले की पेंगते.

मी तिला विचारले, "कितवीत आहेस बाळ?"

"पाचवीत. म्हंजे गावाकडं."

"आणि इथं?"

ती काही बोलली नाही. काठी घेऊन मातीवर रेघा मारत राहिली.

घरी आलो तरी डोक्यातून ती काठी जाईना. मावसभावाच्या मुलाला ते सांगितले, तर त्याने मोबाईलवर परदेशातला एक प्रकार दाखवला. तिकडे लोक सुटीत मोटारीमागे लहानशी चाकांची खोली जोडून हिंडतात. मुक्कामाला पोचले की तिच्या बाजूला कापडी तंबू जोडतात, म्हणजे बसायला-उठायला ओसरी मिळते. साध्या तंबूची कड गाडीच्या कुशीवरच्या खाचेत सरकवतात; मग गाडी हलवायची तर तंबू मोडावा लागतो. म्हणून दुसरा एक प्रकार निघाला. तो तंबू स्वतःच्या काठ्यांवर उभा असतो आणि फक्त एक पदर गाडीला लावलेला असतो. पदर सोडला की गाडी बाजारात गेली तरी तंबू जागेवर!

आपल्या राज्य शासनानेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. हौशी लोकांनी चाकांवरच्या घरात जरूर राहावे. पण आपल्याकडे चाकांना टेकून संसार करणारे लोक आधीपासून आहेत आणि ते हौसेने राहत नाहीत, एवढे ध्यानात असावे.

सकाळी मावसभावाने परड्यातले दोन जाड बांबू आणि एक लांब बांबू तोडून दिला. आम्ही फडावर गेलो. ट्रॉलीपासून हातभर अंतर सोडून दोन खड्डे घेतले, गुडघाभर खोल. त्यांत बांबू रोवून दगड-मातीने ठेचून बसवले. वर आडवा बांबू सुंभाने आवळला. दोन्ही बाजूंना ताणे दिले. ताडपत्री आडव्यावरून टाकली आणि उरलेला पदर ट्रॉलीच्या कड्यांना सुरगाठीने बांधला. ओढली की सुटणारी गाठ. ट्रॉली जाईल तेव्हा पदर खाली सोडायचा, तोच पडदा. भोवतीने वीतभर चर खणला, म्हणजे अवकाळी पाऊस आला तर पाणी पाचटाखाली शिरणार नाही. खर्च म्हणाल तर सुंभाचा तेवढा.

एक गोष्ट आजीला हात जोडून सांगितली. थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी आत घ्यायची नाही. पाचट पेटण्याची भीती आहेच, पण बंद जागेत निखाऱ्यांचा जो वायू साचतो त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. परदेशातल्या तंबूवाल्यांनाही हीच सूचना देतात.

त्या रात्री दोनच्या सुमारास ट्रॅक्टर आला. ट्रॉली गेली, घर उभे राहिले. सकाळी आजी म्हणाली, "लई दिसांनी डोळा लागला." बारक्याला मी सांभाळते, असेही तीच म्हणाली.

आता मुलीला शाळेत घालायला काय हरकत होती? आईची भीती एकच. "दाखला गावाकडं ऱ्हायला, दादा. घ्येतील का?"

वाचकहो, हे उत्तर प्रत्येकाने पाठ करून ठेवावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वयानुरूप वर्गात बसण्याचा हक्क आहे. दाखला यायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नाही, या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. हंगाम अर्धा झाला तरी नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाचीही सोय आहे. ते पत्रक घेऊन मूल पुढच्या गावच्या शाळेत जाऊ शकते.

आम्ही जवळच्या शाळेत गेलो. गुरुजी भले होते. काही न विचारता म्हणाले, "बस गं, पुढं बस." दुपारी तिला इतर मुलांबरोबर पोषण आहार मिळाला. मी संध्याकाळच्या एस.टी.ने परत निघालो.

गोष्ट इथे संपली असती तर बरे वाटले असते. पण फड आठवड्यात संपला आणि टोळी पुढे गेली. मावसभावाचा फोन आला, "बांबू उपसून ट्रॉलीवर टाकून न्हेलं त्यांनी. पोरीनं गुरुजींकडनं कागद लिहून घेतलाय." बांबू गेले याचा मला आनंद झाला. कागदाचा त्याहून जास्त.

दोन बांबूंनी ऊसतोड कामगाराचा प्रश्न सुटत नाही, हे मलाही कळते. या भागात रानटी हत्ती फिरतात. ताडपत्री त्यांना अडवणार नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचे ठरले आहे. गावी ग्रामसेवकाकडे नोंद करून ओळखपत्र घ्यावे, म्हणजे निदान आपण मोजले जातो. पक्का निवारा, पाणी, संडास हे मागण्यासाठी आधी मोजले जाणे आवश्यक आहे.

पण मागणी मान्य होईपर्यंत रात्र थांबत नाही. आपल्या वस्तीजवळ, गावाजवळ हंगामात टोळी उतरली, तर एकदा संध्याकाळी जाऊन यावे. ताडपत्री कशाला बांधली आहे ते पाहावे. आणि मुलांना विचारावे, "कितवीत आहेस?"