काझाचं पेट्रोल, परांग लाचा चहा

स्पितीतल्या काझाच्या पेट्रोलपंपावर मोठा फलक आहे: जगातला सर्वांत उंचावरचा पंप, उंची ३,७४० मीटर. बाइकवाले त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. आम्ही नवरा-बायको त्यांच्यामागे रांगेत होतो, पण आमच्याकडे गाडी नव्हती. एक लिटरची लाल ॲल्युमिनियमची बाटली होती, आणि पेट्रोल हवं होतं स्वयंपाकासाठी.

किब्बरहून निघायचं, सुमारे ५,५८० मीटरवरची परांग ला ही खिंड ओलांडायची आणि लडाखात त्सो मोरिरीच्या काठी करझोकला उतरायचं, असा बेत होता. स्पिती आणि लडाखातलं चांगथांगचं पठार यांच्यातली ही जुनी व्यापारी वाट. मध्ये गाव नाही, दुकान नाही. घोडे न घेता सगळं पाठीवर वाहायचं ठरवल्यामुळे पुण्यात सॅक भरतानाच स्टोव्हवरून आमचं वाजलं होतं.

नवऱ्याचं मत गॅसच्या बाजूने. "अगं, ७३ ग्रॅमचं बर्नर आहे. डब्यावर फिरवलं की पेटलं!" खोटं काहीच नव्हतं त्यात. राजमाची किंवा हरिश्चंद्रगडाला मीही तेच नेते. पण गॅसचा डबा विमानात चालत नाही आणि रेल्वेत ज्वलनशील पदार्थ नेणं गुन्हा आहे. म्हणजे तो वाटेतच मिळायला हवा, आणि मनालीच्या दुकानांत तो कधी असतो, कधी नसतो. त्यात थंडी. साधा ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचंच नाकारतो, आयसोब्यूटेन उणे १२च्या सुमारास. प्रोपेन उणे ४२पर्यंत तग धरतो, पण डब्यात तो थोडाच असतो. अर्धा रिकामा डबा पहाटे नुसता कुरकुरतो.

स्टोव्ह निवडायचा म्हणजे आधी इंधन निवडायचं, हे माझं म्हणणं. रॉकेल मला आवडलं असतं. ते पेट्रोलइतकं भडकत नाही. पण आता ते शोधत फिरावं लागतं. दिल्ली तर २०१४ सालीच रॉकेलमुक्त जाहीर झाली. पेट्रोल मात्र जिथवर गाडी जाते तिथवर मिळतं.

मग पेट्रोलवर चालणारे तीन स्टोव्ह उरले. एमएसआरचा एक्सजीके अगदी दणकट, पण आवाज असा की शेजारी बसून बोलता येत नाही, आणि आच मंद करणं त्याला फारसं जमत नाही. प्रायमसच्या ओम्नीफ्यूएलची आच छान कमी-जास्त होते, गॅसही चालतो, मात्र पंपासकट तो साडेचारशे ग्रॅमच्या घरात जातो. व्हिस्परलाइट इंटरनॅशनल पंप धरून सुमारे ३१० ग्रॅमचा. त्यावर पेट्रोल आणि रॉकेल चालतं, गॅस नाही. दोन माणसांचं दीड लिटरचं पातेलं त्याच्या तीन पायांवर नीट बसतं. गॅसही चालणारा त्याचा भाऊ जास्त जड आणि महाग. नवऱ्याचं गॅसचं बर्नर सह्याद्रीसाठी घरी होतंच, मग दुहेरी सोय कशाला विकत घ्यायची? व्हिस्परलाइट घेतला.

किब्बरच्या पुढे थलटकच्या हिरव्या पठारावर तो पहिल्यांदा चहासाठी काढला. बाटलीत पेट्रोल खुणेपर्यंतच, वर हवेला जागा. पंप मारायचा, बर्नरखालच्या वाटीत चमचाभर पेट्रोल सोडायचं, काडी लावायची. गुडघाभर पिवळा जाळ उठला तसा नवरा मागे सरकला. मी मात्र आईला काकडा लावून स्टोव्ह तापवताना पाहिलेलं आहे. नळी तापली, आतल्या पेट्रोलची वाफ झाली आणि जाळ निळा होऊन बसला. १८९२ साली स्टॉकहोममध्ये फ्रान्स लिंडक्विस्टने हीच युक्ती प्रायमसमध्ये आणली, आणि अमुंडसेनच्या तुकडीने १९११ साली दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर त्याच्यावरच रांधलं. फरक इतकाच की पिन मारावी लागत नाही. स्टोव्ह हलवला की आतली सुईच भोक साफ करते. पातेल्याचं बूड मात्र काळं होतंच.

खरा हिशेब खिंडीखालच्या तळावर कळला. पाणी गोठलेलं, त्यामुळे बर्फ वितळवायचा. एक ग्रॅम बर्फाचं पाणी करायला ८० कॅलरी लागतात. त्या उंचीवर पाणी ८३ अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे बर्फ वितळवायला जितकं जळण, जवळजवळ तितकंच पुन्हा उकळी आणायला. एरवी दोघांना दिवसाला जेवढं पेट्रोल पुरत होतं, त्याच्या दुप्पट इथे लागलं. ८३ अंशांत डाळ शिजत नाही, म्हणून भाजलेला रवा, पोहे आणि सातूचं पीठ एवढंच आणलं होतं. सातूने फार वाचवलं.

खिंडीपलीकडे हिमनदी, आणि तिच्याखाली परे चू. ही नदी लडाख आणि तिबेट फिरून पुन्हा हिमाचलात येते आणि सुमदोजवळ स्पितीला मिळते. तिच्या रुंद पात्रात वारा दिवसभर थांबत नाही. इथे वाऱ्याचा आडोसा करणारा पत्रा स्टोव्हइतकाच कामाचा. बाटली बर्नरपासून लांब असल्याने पत्रा चारही बाजूंनी लावता येतो. गॅसच्या डब्यावर बसवलेल्या बर्नरला असं वेढलं तर डबाच तापतो. "हे मात्र पटलं," नवरा म्हणाला. त्याच्याकडून एवढं पुष्कळ.

करझोकला एका चांगपा पशुपालक बाईंनी खारट चहा दिला. त्यांच्या बुखारीत वाळलेलं शेण जळत होतं, आणि आमच्या बाटलीच्या तळाशी अजून थोडं पेट्रोल होतं.

दोघांनी सह्याद्रीत दोन रात्री काढायच्या असतील तर गॅसच घ्या, पेट्रोलची कटकट नको. स्पिती किंवा चांगथांगला स्वतःच्या पाठीवर सामान घेऊन जाणार असाल तर पेट्रोलचा स्टोव्ह घ्या, पण घरच्या अंगणात आधी चार वेळा पेटवून पाहा. इंधन भरलेला तो विमानात नेता येत नाही. वापरलेला असेल तर बाटली आणि नळी पूर्ण रिकामी करून वास जाईपर्यंत स्वच्छ करा आणि विमान कंपनीला आधी विचारा. तंबूत कधीही पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि पंपाचा सुटा वॉशर जवळ ठेवा. काझाला पेट्रोल मिळतं, वॉशर मिळत नाही.