भिंतीवरची पाल, काचेवरचा बेडूक

पूर्वी तिन्हीसांजेला ट्यूबलाइट लागली की थोड्याच वेळात तिच्यामागून पाल बाहेर यायची. चिलटं टिपत छतावर उलटी धावायची आणि क्वचितच पडायची. पडलीच कुणाच्या अंगावर, तर पंचांगातलं पल्लीपतनाचं कोष्टक काढून खांद्यावर पडल्यास काय फळ, डोक्यावर पडल्यास काय, हे वाचलं जाई आणि आजी आंघोळीला पिटाळायची. पाल एरवी पडत का नाही, हे मात्र कुणीच विचारलं नाही. भिंतीला चिकटण्याची आमची एकच कथा, तानाजीच्या यशवंती घोरपडीची. इतिहासकार ती दंतकथा मानतात. शिवाय घोरपडीची पकड नखांची, खडबडीत कड्यावर चालणारी. पाल गुळगुळीत काचेवरही चढते.

माणसांची चिकटवाचिकटवी तेव्हा डिंक नाहीतर खळ यांवर चाले, पाकिटाला भाताची चार शितंही पुरत. चिकटलेलं काढायचं तर कागद फाटायचाच.

आता मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत भाड्याच्या घरात खिळा ठोकायची चोरी. गणपतीची आरास, दारावरचं तोरण, सगळं डाग न पाडता निघणाऱ्या पट्ट्यांवर टांगायचं. इथल्या भिंतीवर पाल नाही, आणि तिची आठवण येते ती नेमकी इथेच. कारण तासाभरावर ॲमहर्स्ट आहे. तिथल्या विद्यापीठात डंकन अर्शिक आणि अल्फ्रेड क्रॉस्बी यांच्या गटाने 2012 मध्ये ‘गेकस्किन’ हे पालीच्या पायावरून सुचलेलं चिकटकापड जगापुढे आणलं. तळहाताएवढा तुकडा गुळगुळीत भिंतीवर 700 पौंड, म्हणजे तीनशे किलोंहून जास्त भार पेलतो आणि अलगद सुटतोही.

पालीच्या पायात डिंक नसतोच. ‘टोके’ जातीच्या मोठ्या पालीच्या एकेका पावलावर सुमारे पाच लाख सूक्ष्म केस असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला शेकडो फाटे. ते भिंतीला इतके भिडतात की रेणूंमधलं क्षीण आकर्षणच तिला धरून ठेवतं. केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी 2000 आणि 2002 मध्ये हे मोजून दाखवलं. बोट टोकाकडून वर वळवलं की पकड सुटते. ॲमहर्स्टच्या मंडळींनी केसांची नक्कल केली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी कातडीखालचे ताठ स्नायुबंध पाहिले आणि ताठ कापडावर मऊ थर बसवला.

चिकटण्याची आणखी एक युक्ती गोगलगाईची. पावसाळ्यात बिनशंखाच्या गोगलगाईवर पोरं मीठ टाकायची. तशाच एका गोगलगाईच्या चिकट स्रावावरून हार्वर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये ओल्या ऊतींवर बसणारा चिकटपदार्थ केला. रक्ताने माखलेल्या डुकराच्या हृदयालाही तो धरून राहिला. टाक्यांना पर्याय म्हणून याकडे पाहिलं जातं, आणि मला पालीच्या पट्टीपेक्षाही मोठी आशा इथे दिसते.

इथे पाल नसली तरी काचेवर चिकटणारा बेडूक आहे, म्हणून श्रूजबरीतल्या मराठी आईबापांना एकच सांगणं आहे. मे-जूनच्या ओल्या रात्री अंगणातला दिवा चालू ठेवा. किड्यांमागे करडा झाडबेडूक खिडकीच्या काचेवर येतो. मुलांना आतून त्याची बोटं दाखवा. गोल गाद्यांवर षटकोनी पेशी आणि त्यांच्यामध्ये पाणी वाहून जायला बारीक चर असतात. साध्या भिंगातून गाद्या नीट दिसतात, चरांसाठी शाळेचा सूक्ष्मदर्शक लागेल. मुलांनी मागितला तर मिळवून द्या.