जुळत नाही

किडनी द्यायला निघालेल्या माणसाने शेवटच्या घटकेला पाय मागे घेतला, तर डॉक्टरांनी घरच्यांना एवढंच सांगावं, की यांची किडनी घेता येणार नाही. कारण सांगू नये. म्हणजे साखर निघाली, नवरा नको म्हणाला, की बाई घाबरली, हे कुणाला कळत नाही. दात्याशी एकट्याने बोलताना ही वाट आधीच दाखवून ठेवावी, असं या क्षेत्रातली जाणती माणसं मानतात. सोय माणुसकीचीच आहे. पण आता ऐकलेल्या प्रत्येक 'जुळत नाही'वर माझा संशय जातो. 'जुळलं'वरही जातो.

या हाताने दिलेलं त्या हाताला कळू नये म्हणतात. इथे उलटंच. देणं सगळं चारचौघांत : क्रॉसमॅच, सीटी अँजिओ, नात्याचे पुरावे, सह्या. गुप्तता फक्त न देण्याला. शिवाय त्या हाताला कळतंच. बहुधा डावी किडनी काढतात, तिची शीर लांब असते म्हणून. मागे राहिलेली उजवी मग आकाराने वाढते आणि जादा काम अंगावर घेते. दोघींचं मिळून शंभर धरलं, तर एकटी पासष्ट-सत्तरपर्यंत ओढते.

आमची आजी कार्तिकात, कूष्मांड नवमीला कोहळा दान द्यायची. देठाशी सुरीने खाच पाडायची, थोडा गर कोरायचा, आत चांदीचा रुपया सरकवायचा, काढलेली चकती परत बसवून वर हळदकुंकू. याला गुप्तदान म्हणायचे. आम्ही पोरं भोवती बसून बघत असू. भटजी दरवर्षीचेच, त्यांना ठाऊक; कोहळा चिरणार त्यांची बायको, तिलाही ठाऊक. मग गुप्त ते काय? मला राहून राहून आठवतो तो रुपया. तो आजीचा नव्हताच, आजोबांनी कपाटातून काढून दिलेला असायचा. तिचं स्वतःचं म्हणजे माहेरच्या पाटल्या. त्या आत्याच्या लग्नात मोडल्या आणि त्याला कुणी दान म्हटलं नाही.

2018 ते 2023 या काळात आपल्या देशात जिवंतपणी अवयव दिलेल्या 56 हजारांवर माणसांत 36 हजारांवर बायका होत्या. 2014च्या नियमांत लिहूनच ठेवलंय : दाता स्त्री असेल तर अधिक काळजी घ्या, तिच्या संमतीची खात्री घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. हा दुसरा म्हणजे कोण, सासू? 'कुणाचा दबाव आहे का?' असं मला विचारलं तर काय सांगू? कुणी अवाक्षर काढलेलं नाही. फक्त हल्ली चहाचा पहिला कप माझ्यापुढे येतो.

बॉस्टनमध्ये 23 डिसेंबर 1954 रोजी रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली. आदल्या रात्री रिचर्डने चिठ्ठी धाडली होती, घरी निघून जा म्हणून. रोनाल्डने उलट चिठ्ठीत कळवलं, मी इथेच राहणार. रिचर्ड पुढे आठ वर्षं जगला, रोनाल्ड 2010 पर्यंत. घेणाऱ्यानेच मोकळीक दिली होती, तर! पण 'तू जा' म्हणणाऱ्याला सोडून जाणं सोपं असतं का?

ऑपरेशनमध्ये दाता दगावण्याचा धोका 10,000त तिघांच्या आसपास. 2014मधल्या एका अमेरिकी अभ्यासात, आयुष्यभरात किडनी निकामी होण्याचा अंदाज दात्यांमध्ये 10,000त 90 निघाला, तितक्याच धडधाकट पण न देणाऱ्यांमध्ये 14. नव्वद म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. नव्वद म्हणजे चौदाच्या सहापटीहून जास्त. सकाळी मी पहिलं वाक्य धरून चालते, रात्री दुसरं. तरुण दात्याबद्दल ठाम सांगणं कठीण, कारण त्याचा रक्तदाब, त्याचा मधुमेह पुढे यायचा असतो. आमच्याकडे साखर पन्नाशीनंतर येते. मी बेचाळीसची.

त्या मानाने वयस्क दाता एका अर्थी बरा, त्याच्यापुढची वर्षं कमी, असं डॉक्टर बोलून गेले. आई शेजारीच बसली होती. "मग माझीच घ्या की," ती म्हणाली. म्हणजे माझं गुप्त 'नाही' जाणार तिच्याच अंगावर. मी काहीच बोलले नाही. मंगळवारी तपासणीला दोघींची नावं घातली आहेत.